बालोद्यानात पाटी कशी शिरली

जर्मनीतील थुरिंगियाच्या डोंगराळ मुलखात ब्लांकेनबुर्ग नावाचे एक लहान गाव आहे. १८३७ साली फ्रीडरिश फ्रोबेल नावाच्या एका शिक्षकाने तेथे अगदी लहान मुलांसाठी एक संस्था उघडली. त्या वेळी त्याने वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण केली होती. संस्थेला साजेसे नाव सापडण्यास आणखी तीन वर्षे लागली. १८४० साली त्याने ‘किंडरगार्टन’ हे नाव निश्चित केले, आणि मराठीत त्याला ‘बालोद्यान’ असा गोड प्रतिशब्द मिळाला. हे नाव केवळ अलंकारिक नव्हते. फ्रोबेलच्या योजनेत खरोखरीची बाग होती. प्रत्येक मुलाला स्वतःचा एक चिमुकला वाफा द्यावयाचा. त्यात त्याने बी पेरावे, पाणी घालावे आणि अंकुराची वाट पाहावी. या वाफ्यांच्या भोवती सर्वांच्या मालकीचे मोठे वाफे असावयाचे. आपल्या वाफ्याची निगा ज्याची त्याने राखावी, सामाईक वाफ्यांची सर्वांनी मिळून राखावी, असा त्यातला संकेत होता.

या गोष्टीला आता पावणेदोनशे वर्षे उलटून गेली आहेत. ‘किंडरगार्टन’ हेच नाव धारण करणारा वर्ग आज अमेरिकेतील जवळजवळ प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेत आहे. २०१० साली तेथील अनेक राज्यांनी जी समान शैक्षणिक मानके स्वीकारली, त्यांत या वर्गाच्या अखेरीस मुलाला काय काय यावे, याची यादी दिलेली आहे. मुलाने शंभरपर्यंत एकेक करून व दहादहाच्या टप्प्यांनी मोजावे. इंग्रजी वर्णमालेतील लहानमोठी सर्व अक्षरे ओळखावी. वीसपर्यंतचे अंक लिहावे. पाचपर्यंतच्या बेरजा व वजाबाक्या झटपट कराव्या. आणि प्रारंभिक वाचनाची पुस्तके अर्थ समजून वाचावी. ही यादी पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. वाफ्यापासून या यादीपर्यंतचा प्रवास कसा झाला, हा बालशिक्षणाच्या इतिहासातील एक मोठा उद्बोधक प्रश्न आहे. हा बदल कोणा एका माणसाच्या हट्टाने झाला नाही. तो बहुतांशी सद्हेतूंच्या पावलांनी झाला, आणि म्हणूनच तो नीट पाहणे आवश्यक आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्रोबेल हा ज्ञानाचा वैरी नव्हता. त्याने तरुणपणी बर्लिन येथे स्फटिकशास्त्राचा अभ्यास केला होता आणि तेथील खनिजांच्या संग्रहालयात कामही केले होते. स्फटिकाच्या घडणीत जो नियम दिसतो तोच मनाच्या वाढीतही असला पाहिजे, अशी त्याची श्रद्धा होती. मुलांच्या हाती द्यावयाच्या वस्तूंना त्याने ‘देणग्या’ असे नाव दिले. पहिली देणगी म्हणजे लोकरीचे रंगीत चेंडू. दुसरी लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती. त्यापुढे लहान लहान भागांत विभागलेले घन. हे भाग जुळविता जुळविता मुलाने घर, पूल, खुर्ची रचावी, आणि रचतानाच अर्धा, पाव, आठवा हिस्सा ही नाती बोटांनी ओळखावी. म्हणजे गणित तेथे होतेच. परंतु ते हातात होते, पाटीवर नव्हते. त्याची परीक्षा नव्हती, आणि अमुक महिन्यात ते आलेच पाहिजे असा दंडकही नव्हता. फ्रोबेल अवघा नऊ महिन्यांचा असताना त्याची आई वारली होती. लहान मुलाला स्नेहाळ सहवासाची गरज किती असते, हे ज्याने बालपणीच्या उणिवेतून जाणले, त्याने ही योजना आखली होती.

अशा संस्थेत शाळेचा शिरकाव कसा होतो, याचा धडा इंग्लंडने फ्रोबेलच्या आधीच गिरविण्यास प्रारंभ केला होता. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे कापडगिरणी चालविणाऱ्या रॉबर्ट ओवेनने १८१६ साली आपल्या कामगारांच्या मुलांसाठी शिशुशाळा उघडली. मुलांना पुस्तकांनी सतावू नये, त्यांना नाच, गाणे आणि भोवतालच्या वस्तूंविषयी गप्पागोष्टी यांत रमवावे, अशी त्याची सूचना होती. तेथे नेमलेला जेम्स ब्यूकॅनन हा व्यवसायाने विणकर होता. हा प्रयोग पाहण्यास दूरदूरचे लोक आले, आणि त्याचे अनुकरणही झाले. पण अनुकरण करणाऱ्यांपुढे मुलांची संख्या मोठी आणि शिक्षक मोजके, अशी अडचण होती. मग पायऱ्यापायऱ्यांच्या उंच बाकांवर शेकडा मुले बसवून एका शिक्षकाने सांगावे व सर्वांनी एका सुरात म्हणावे, ही पद्धत पडली. खेळाची जागा घोकंपट्टीने घेतली. ती कोणाला मनापासून प्रिय होती असे नाही. ती स्वस्त पडत होती.

त्यावर १८६२ साली रॉबर्ट लो या मंत्र्याच्या कारकिर्दीत ‘सुधारित संहिता’ अमलात आली. सरकारी अनुदान मुलांच्या परीक्षेतील निकालावर ठरावे, हे तिचे सूत्र होते. निरीक्षक शाळेत येई, एकेका मुलाला वाचावयास, लिहावयास व हिशेब करावयास लावी. जो नापास होईल त्याच्या मागे शाळेचे पैसे कापले जात. सहा वर्षांखालील मुलांना या परीक्षेतून सूट होती. वरवर पाहता शिशुवर्ग सुरक्षित राहिला. परंतु सहाव्या वर्षी परीक्षेला बसावयाचे मूल पाचव्या वर्षी मोकळे कोण सोडील? शिक्षकाचा पगार ज्या निकालावर अवलंबून, त्या निकालाची तयारी खालच्या वर्गातच सुरू झाली. सहा वर्षांची अट कायद्याच्या पुस्तकात राहिली आणि पाटी मात्र त्याखाली उतरली. निकालानुसार अनुदान देण्याची हीच पद्धत एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातही वापरली गेली, हे येथे नमूद केले पाहिजे. परीक्षा जेथे असते तेथेच तिचे ओझे थांबत नाही. ते पायरीपायरीने खाली येते. या इतिहासात हा नियम वारंवार दिसून येतो.

इकडे जर्मनीत फ्रोबेलच्या कार्यावर वेगळेच संकट कोसळले. १८५१ साली प्रशियाचा शिक्षणमंत्री फॉन राउमर याने बालोद्यानांवर बंदी घातली. ही संस्था नास्तिक व समाजवादी विचारांचा प्रसार करते, असा आरोप होता. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याच्या जहाल लिखाणाचा दोष काकाच्या माथी मारला गेला, असे मानले जाते. पुढच्याच वर्षी, १८५२ साली, फ्रोबेलचे निधन झाले; १८६० साली बंदी उठली ती पाहण्यास तो नव्हता. पण त्याच्या शिष्या व चाहत्या देशोदेशी गेल्या होत्या. त्यांपैकी मार्गारेटे शुर्त्स यांनी १८५६ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाउन येथे आपल्या घरी जर्मन भाषेतून बालोद्यान सुरू केले. अमेरिकेतील हे पहिले बालोद्यान होय.

इंग्रजी भाषेतील पहिले बालोद्यान एलिझाबेथ पीबॉडी यांनी १८६० साली बॉस्टनमध्ये काढले. पीबॉडीबाई विदुषी होत्या. त्यांच्या शाळेची कीर्तीही झाली. तथापि तेथे वाचन व इतर शालेय विषय आलेच होते. १८६७ साली त्या युरोपात गेल्या आणि फ्रोबेलच्या शिष्यांचे प्रत्यक्ष काम पाहून थक्क झाल्या. आपण बॉस्टनमध्ये जे चालविले ते खरे बालोद्यान नव्हते, हे त्यांनी परतल्यावर मोकळेपणाने मान्य केले, आणि पुढचे आयुष्य खऱ्या बालोद्यानाच्या प्रसारास वाहिले. अमेरिकेतील पहिल्या इंग्रजी बालोद्यानातच पाटी होती, आणि ती काढून ठेवण्याचे धैर्य तिच्या संस्थापिकेनेच दाखविले, ही हकीकत विसरण्याजोगी नाही. पालकांची हौस आणि शिक्षिकेची विद्वत्ता यांच्या भरात मूल कसे मागे पडते, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवाने जाणले होते.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा सेंट लुई शहराचा. १८७३ साली तेथील शाळाखात्याचे प्रमुख विल्यम टॉरी हॅरिस यांच्या पाठिंब्याने सूझन ब्लो यांनी अमेरिकेतील पहिले टिकाऊ सरकारी बालोद्यान सुरू केले. ब्लो या सुखवस्तू घराण्यातील, फ्रोबेलच्या तत्त्वज्ञानाने भारावलेल्या. हॅरिस हे तत्त्वज्ञ खरे, पण शहराच्या शाळांचा कारभार सांभाळणारे व्यवहारी गृहस्थ. कामगारवस्तीतील मुले सातव्या वर्षी शाळेत येतात आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास कारखान्याकडे वळतात, हे हॅरिस यांना दिसत होते. म्हणजे त्यांना विद्येचा लाभ जेमतेम तीन वर्षे. शाळा दोन वर्षे आधी सुरू केली तर त्या गरीब मुलांच्या पदरात काही अधिक पडेल, हा त्यांचा हिशेब होता. याशिवाय टापटीप, वक्तशीरपणा, हाताचे कसब हे गुण लवकर अंगी बाणतील, असाही त्यांचा युक्तिवाद होता. या युक्तिवादाने करदाते राजी झाले, आणि थोड्याच वर्षांत शहरातील शाळाशाळांतून बालोद्याने दिसू लागली.

हॅरिस यांचा हेतू उदात्त होता, यात शंका नाही. श्रीमंतांच्या मुलांची चैन समजली जाणारी गोष्ट त्यांनी गरिबाच्या दारात नेली. परंतु ज्या युक्तिवादाने बालोद्यानाला सरकारी पैसा मिळाला, त्याच युक्तिवादात पुढील संकटाचे बीज होते. बालोद्यान हे मुलाचे वय जसे आहे तसे त्याला लाभावे म्हणून चांगले, हे एक म्हणणे. आणि ते पुढच्या शाळेची तयारी करते म्हणून चांगले, हे दुसरे म्हणणे. तयारी म्हणून ज्याचे समर्थन केले, त्याचे मोजमापही तयारीनेच होणार. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इतर शहरांनी बालोद्याने आपल्या शाळाखात्यात घेतली तेव्हा हेच प्रत्ययास आले. पूर्वी शिक्षिका सकाळी मुलांबरोबर असत आणि दुपारी त्यांच्या घरी जाऊन आयांना भेटत. खर्च वाचविण्यासाठी अनेक ठिकाणी दुपारी मुलांची दुसरी तुकडी भरविण्यात आली आणि घरभेटी बंद पडल्या. पहिल्या इयत्तेचे शिक्षक विचारू लागले की, खालून आलेल्या मुलांना स्वस्थ बसता का येत नाही. बाग शाळेच्या आवारात आली, आणि तिने शाळेचे नियम पाळावे, ही अपेक्षा ओघानेच आली.

तरीही पुढील अर्धशतक हे काहीसे शांततेचे गेले. जॉन ड्यूई यांच्या विचारांनी प्रभावित झालेल्या पॅटी स्मिथ हिल यांनी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या अध्यापक महाविद्यालयात बालशिक्षणाला नवे वळण दिले. फ्रोबेलच्या देणग्यांचाही तोपर्यंत काही ठिकाणी ठराविक विधी बनला होता. शिक्षिकेने हुकूम सोडावा आणि सर्व मुलांनी एकाच वेळी घन उचलावे, असा. हिलबाईंनी त्याऐवजी मोठमोठे ठोकळे आणले, की ज्यांतून मुले आत शिरता येईल एवढे घर बांधू शकत. याच हिलबाईंनी आपली बहीण मिल्ड्रेड हिच्यासह बालोद्यानातील मुलांना सकाळी म्हणण्यासाठी एक गीत रचले. ते १८९३ साली प्रसिद्ध झाले. त्याच चालीवर आज जगभर, आणि मुंबई-पुण्याच्या घरांतूनही, वाढदिवसाचे गाणे म्हटले जाते. केक कापणाऱ्या घराला ती चाल बालोद्यानातून आली आहे याची बहुधा कल्पना नसते.

१९३१ साली विनेटका येथील मॉर्फेट व वॉशबर्न या संशोधकांनी असे प्रतिपादन केले की, मुलाचे मानसिक वय साडेसहा वर्षांचे झाल्यावरच वाचन शिकविणे हितावह ठरते. या एका अभ्यासाचा पगडा कित्येक वर्षे राहिला. आता मागे वळून पाहता त्यातही अतिरेक होता असे म्हणावे लागते. कारण जे मूल स्वतःहून अक्षरांमागे धावते, त्यालाही थोपवून धरण्याचे ते निमित्त झाले. घाई जशी मोठ्यांची, तशी सक्तीची दिरंगाईही मोठ्यांचीच.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला आणि अमेरिकेत एकच खळबळ उडाली. आपल्या शाळा मागे पडल्या, अशी हाकाटी झाली. १९६५ साली गरीब मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ ही योजना निघाली. पुढच्याच वर्षी बेरायटर व एंगेलमन यांनी, वंचित मुलांना शाळापूर्व वयातच भाषा, वाचन व गणित यांचे नेटाने धडे द्यावेत, असा आराखडा मांडला. १९८३ साली ‘संकटग्रस्त राष्ट्र’ या अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात जपान, जर्मनी यांच्या औद्योगिक स्पर्धेचे भय होते. २००२ साली जो कायदा अमलात आला, त्याने तिसरी ते आठवी या इयत्तांतील मुलांची वाचन व गणित यांची परीक्षा दरवर्षी घेणे सक्तीचे केले आणि निकालावरून शाळांना जबाबदार धरले. त्या कायद्यात किंडरगार्टनच्या परीक्षेचा दंडक नव्हता. पण १८६२ सालच्या इंग्लंडची आठवण येथे अपरिहार्यपणे होते. तिसरीच्या परीक्षेसाठी दुसरीत तयारी, दुसरीसाठी पहिलीत, आणि पहिलीसाठी बालोद्यानात. ओझे पुन्हा पायऱ्या उतरून खाली आले.

ते किती खाली आले याचे मोजमाप व्हर्जिनिया विद्यापीठातील डॅफ्ना बॅसॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. किंडरगार्टनच्या शिक्षकांना देशव्यापी पाहणीत विचारलेले प्रश्न त्यांनी ताडून पाहिले. मुलाने किंडरगार्टनमध्येच वाचावयास शिकावे, असे १९९८ साली शेकडा ३१ शिक्षकांना वाटत होते; २०१० साली तसे वाटणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ८० झाले. याच काळात चित्रकला व संगीत यांना रोज मिळणारा वेळ घटला, आणि मुलांनी आपल्या मनाने निवडावयाच्या खेळालाही ओहोटी लागली. बारा वर्षांत मुलाची जात बदलली नव्हती. त्याची बोटे, त्याची झोप, त्याचे आईच्या पदराशी असलेले नाते हे सर्व पूर्वीसारखेच होते. बदलली होती ती मोठ्यांची अपेक्षा.

दुसऱ्या पक्षाची बाजूही ऐकली पाहिजे. ज्या घरात पुस्तके आहेत, गोष्टी सांगणारी आजी आहे, त्या घरातील मुलाला अक्षरे वाऱ्याबरोबर येतात. ज्या घरात यांपैकी काही नाही, तेथील मुलाने सातव्या वर्षापर्यंत अक्षर पाहू नये काय? हा प्रश्न हॅरिस यांनी विचारला, बेरायटर-एंगेलमन यांनी विचारला, आणि तो खोटा नाही. लवकर शिकविल्याने पहिल्या वर्षी लाभ दिसतो, हेही खरे. परंतु तो टिकेलच याची हमी नसते. टेनेसी राज्यात किंडरगार्टनपूर्वीच्या सरकारी वर्गात गेलेल्या व न गेलेल्या सुमारे तीन हजार गरीब मुलांचा मागोवा घेण्यात आला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सहावीत पोहोचेपर्यंत त्या वर्गात गेलेली मुलेच परीक्षांत मागे पडलेली दिसली. एका राज्यातील एका योजनेवरून सर्वत्र लागू पडणारा सिद्धांत काढता येत नाही. पण लवकर म्हणजे अधिक, हे समीकरण तेवढ्याने डळमळीत होते. शाळा लवकर गाठल्याने गरीब मुलाचे हित आपोआप साधत नाही. तेथे त्याला काय मिळते यावर ते अवलंबून असते.

याच प्रश्नाचे एक निराळे उत्तर रोममध्ये सापडले. १९०७ साली मारिया माँटेसोरी यांनी सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तेथील चार-पाच वर्षांची मुले एके दिवशी आपण होऊन लिहू लागली आणि पाहणारे चकित झाले. यावरून कित्येकांनी असा बोध घेतला की, चौथ्या वर्षी लिहिता येते, तर ते आलेच पाहिजे. माँटेसोरीबाईंचे सांगणे अगदी उलट होते. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरविण्याची संधी मुलापुढे ठेवा. ते केव्हा उचलावे हे त्याला ठरवू द्या. मुलाला काय करता येते, आणि त्याच्याकडून काय करवून घ्यावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. या दोहोंची गल्लत झाली की संधीची सक्ती होते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध येतो तो येथे. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली काढलेल्या बालमंदिरात ताराबाई मोडक जाऊन राहिल्या, आणि माँटेसोरी पद्धती त्यांनी डोळसपणे आत्मसात केली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. पण शहरी घरांतील मुलांपुरते हे कार्य राहू नये म्हणून १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या, आणि पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी वारली मुलांमध्ये आपले काम रुजविले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असे त्यांनी ठरविले. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, काड्या, पाने आली. आंघोळ घालण्यापासून, केस विंचरण्यापासून शिक्षण सुरू झाले. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा वारसा येथला आहे, आणि १९७५ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या बालविकास योजनेने तो देशभर नेला. गरीब मुलासाठी लवकर काही करावे, हा हॅरिस यांचाच हेतू. पण त्याची पूर्ती पाटीवाचूनही होऊ शकते, हे कोसबाडने दाखवून दिले.

मात्र याच देशात शहरांतील बालवर्ग वेगळ्या वाटेने गेले. १९८९ साली प्रसिद्ध कादंबरीकार आर. के. नारायण यांनी राज्यसभेत दप्तराच्या ओझ्याखाली वाकलेल्या मुलांची कैफियत मांडली. त्यानंतर नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ साली आपला अहवाल दिला, आणि शिशुवर्गातील प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात असे सुचविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत म्हणून एकत्र गुंफली आणि खेळातून शिक्षणाचा पुरस्कार केला. या एकत्र गुंफण्यात दोन शक्यता आहेत. बालवर्गाचा खेळ दुसरीपर्यंत वर चढेल, किंवा दुसरीची वही बालवर्गापर्यंत खाली उतरेल. सेंट लुईचा इतिहास पाहता दुसऱ्या शक्यतेविषयी सावध राहणे इष्ट.

मराठी घरात मुलाच्या हाती प्रथम पाटी देण्याचा दिवस सणाचा मानला जातो. पाटीवर सरस्वती काढतात, गोडधोड होते, आणि आजोबा नातवाचा हात धरून श्रीगणेशा गिरवितात. दुसऱ्या दिवशी ते मूल पुन्हा मातीत खेळावयास जाते आणि कोणी त्याला अडवीत नाही. पाटी वाईट नाही. ती अनुदानाच्या, परीक्षेच्या किंवा राष्ट्राच्या भयाच्या हुकुमाने आली, की मुलाची राहत नाही. बालवर्गासाठी नवी अपेक्षा पुढे आली, की ती मुलाकडे पाहून सुचली, की वरच्या इयत्तेकडे पाहून, एवढे एकदा विचारून घ्यावे. ब्लांकेनबुर्गच्या त्या म्हाताऱ्या शिक्षकाने मुलाला वाफा दिला होता आणि बी पेरून वाट पाहावयास शिकविले होते. ती वाट पाहण्याची इयत्ता मोठ्यांनाही चुकलेली नाही.